तक्ता क्रमांक एक

माझ्या नावावर एकच शोधनिबंध आहे. १९९४ साली तो एका लहान नियतकालिकात छापून आला आणि पुढे चार वर्षांत ते नियतकालिक बंद पडलं. त्यानंतर निबंधाबद्दल मला कुणी काही विचारलं नाही. म्हणून गेल्या महिन्यात अनोळखी नंबरवरून फोन आला, तेव्हा तो बँकेचा असेल असं समजून मी दोनदा उचललाच नाही.

तिसऱ्यांदा उचलला. "जवाहरसर बोलताय का? मी अंकिता, साताऱ्याहून. जनावरांतल्या आणि माणसांतल्या कृमिरोगांवर पीएचडी करतेय. तुमचा निबंध वाचला."

मी खुर्चीत बसलो. हातात धुतलेली बशी होती, तिचं पाणी धोतरावर ओघळत राहिलं.

निबंध पाण्याच्या गाठींच्या रोगावर होता. कुत्र्याच्या आतड्यात एक बारीक पट्टकृमी असतो. त्याची अंडी विष्ठेबरोबर बाहेर पडतात आणि गवतावरून, भाजीवरून, हातावरून शेळीमेंढीच्या किंवा माणसाच्या पोटात जातात. मग यकृतात पाण्याने भरलेली गाठ वर्षानुवर्षं वाढत राहते. आमच्या मळ्यात कामाला येणाऱ्या मनुबाईच्या पोटातून मिरजेच्या एका दवाखान्यात नारळाएवढी गाठ काढली होती. मी तेव्हा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होतो. तिथून हा विषय डोक्यात बसला.

निबंधात दोन तक्ते आहेत. दुसऱ्यात माणसं आहेत, मिरजेला शस्त्रक्रिया झालेले चौदा जण. पहिल्यात शेळ्यामेंढ्या. दोन वर्षांत आष्ट्याला कापलेली चारशे बारा जनावरं आणि त्यांतल्या एकशे सत्तावन्न जनावरांच्या यकृतात गाठी. शेकडा अडतीस.

"अडतीस फारच जास्त आहे, सर," अंकिता म्हणाली. "मला आत्ता नऊच टक्के मिळतायत. म्हणजे तीस वर्षांत रोग केवढा कमी झाला! माझा सगळा प्रबंध या तुलनेवर उभा करायचा विचार आहे. फक्त गाइड म्हणतात, सरांनी नमुने कसे घेतले ते विचारून घे. मूळ वही आहे का?"

"आहे," मी म्हणालो. "बघून कळवतो."

वही लगेच सापडली. माझी पत्नी चंदनबाला असताना निबंधाचा अंक आणि वही तिने काचेच्या कपाटात ठेवली होती. तिने ती कधी उघडली नाही, पण तिच्यावर धूळही बसू दिली नाही. आम्ही जैन. घरात कांदा येत नसे आणि मी दर रविवारी खाटकाकडे जाऊन येत असे. तिने एकदाही अडवलं नाही. परसात गरम पाण्याची बादली आणि धुतलेले कपडे ठेवून ती आत जायची. मी अंघोळ करून घरात यायचो. त्या दिवशी काय पाहिलं, किती मोजलं, हे ना तिने विचारलं, ना मी सांगितलं. ती गेल्याला आता सहा वर्षं झाली.

खरं सांगायचं तर पाहिलं काहीच नव्हतं. जनावर कापताना मला बघवत नसे. आष्ट्याचा इलाही खाटीक भिंतीपलीकडे काम करायचा आणि मी अलीकडे लिंबाखाली फॉर्मालिनच्या बाटल्या घेऊन बसायचो. तो पाटीतून यकृतं आणून द्यायचा, मी चिरून तपासायचो. शेवटी तो सांगायचा, "आज नऊ जनावरं झाली, सर." मी नऊ लिहायचो.

वहीत एक पान मला उघडायचं नव्हतं. तेच आधी उघडलं. एका रविवारी जनावरं सात आणि गाठी असलेली यकृतं आठ. तेव्हा मला वाटलं, आपलंच ऐकण्यात किंवा मोजण्यात काहीतरी चुकलं. इलाहीला विचारायला संकोच वाटला. मी साताचे नऊ केले. खाडाखोड अजून दिसते. शाई जरा निळसर आहे.

पलूसहून आष्ट्याला एसटीने गेलो. तीस वर्षांत गेलो नव्हतो.

इलाही दारातच बाजेवर बसला होता. दाढी पांढरी, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. दुकान आता मुलगा सद्दाम बघतो.

"कोन? जवाहरसर? आरं देवा! आवं, मला वाटलं तुमी गेला असाल!"

"अजून आहे."

"रुमाल हाय का खिशात? का आता नाक उघडं ठिवून हिंडताय?" तो हसत हसत आत वळून ओरडला, "रहिमतबी, बघ कोन आलंय! रगत बघून पळायचं आन् किडं गोळा करायचं, ते मास्तर!"

रहिमतबी पदर सावरत आली. "आमच्या घरचा च्या चालंल न्हवं, सर? तवा तुमाला समोरच्या हॉटेलातनं आनावा लागायचा."

चालेल म्हणालो. कप हातात घेतला आणि वही उघडली. खाडाखोडीचं पान त्याच्यापुढे धरलं. विचारलं, "इलाही, हा रविवार बघ. सात जनावरं आणि यकृतं आठ. असं कसं झालं असेल?"

त्याने वहीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आठवं उंब्रजचं असंल की."

"उंब्रजचं?"

"माझा मेव्हना न्हाई का तिथं, जोतीरामच्या ट्रकवर पाटी लावून द्यायचा? बर्फात घालून. त्याला मी सांगूनच ठिवलं हुतं, गाठीवालं काळीज दिसलं की टाकू नगं, आमच्या सरांना लागतंय."

"कधीपासून?"

"सुरवातीच्या दोन-तीन आयतवारानंतर. तुमी पार पलूसवरनं यायचा, लिंबाखाली बसायचा, आन् एकांद्या दिशी एक बी गाठ न्हाई. तोंड एवढंसं व्हायचं तुमचं. गाठ घावली की गडी खुश. मग मी म्हनलं, मानूस सकाळी उपाशी येतोय, मोकळ्या हातानं कसं लावून द्यायचं?" त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "मेव्हना तर कराडच्या लोकांकडनं बी गोळा करायचा. लय जीव लावला त्यानं त्या कामाला."

"एकूण किती आली असतील तिकडून?"

"आता ते काय मोजलंय व्हय?"

मी चहा प्यायलो. साखर जास्त होती. रहिमतबीने विचारलं, चांगला झालाय का. चांगला झालाय, म्हणालो.

परतीच्या एसटीत मनात हिशेब करून पाहिला. निम्म्या गाठी उंब्रजच्या धरल्या तर शेकडा एकोणीस. दोन तृतीयांश धरल्या तर बारा-तेरा. म्हणजे रोग कमी झालाच नसेल. पण कशाच्या आधारावर काही धरायचं? तो तक्ता दुरुस्तही करता येणार नव्हता. भिंतीपलीकडे एकदा उठून गेलो असतो, तर पाटी दिसली असती. निदान त्या आठव्या यकृताबद्दल तोंड उघडून विचारलं असतं, तरी चाललं असतं.

अंकिताला न कळवण्याचा विचार आला नाही, असं मी म्हणणार नाही. दोन दिवस आला. तीस वर्षांत मला भेटलेली ती एकच वाचक होती, आणि वही वाळवीने खाल्ली असं सांगितलं असतं तरी तिने विश्वास ठेवला असता. तिसऱ्या दिवशी पत्र लिहिलं. इलाही, उंब्रज, लिंब, साताचे नऊ, सगळं. त्या पानाचा फोटो काढून पाठवायला शेजारच्या धनाजीची मदत घेतली.

अकरा दिवस उत्तर नव्हतं. मग मेसेज आला. "धन्यवाद सर. तक्ता एक काढला. तक्ता दोन वापरला तर चालेल ना?"

"चालेल," एवढंच लिहिलं. अजून काही लिहावंसं वाटत होतं, पण तिला ते कशाला हवं होतं?

रविवारी सकाळी इलाहीचा फोन आला. येताना मी त्याला नंबर देऊन आलो होतो. ती पोरगी माझं काम बघतेय, एवढंही निघता निघता सांगितलं होतं.

"काय सर, त्या पोरीनं घेतलं का आपलं?"

निबंध समोर टेबलावर होता. शेवटी आभार मानले आहेत ते प्राचार्यांचे, ग्रंथपालांचे आणि दवाखान्यातल्या डॉक्टरांचे. इलाहीचं नाव कुठेच नाही. 'स्थानिक व्यावसायिकांचे सहकार्य' असे तीन शब्द आहेत.

"घेतलं," मी म्हणालो.

"बकऱ्यांचं बी?"

"बकऱ्यांचंच घेतलं. मुख्य तेच होतं."

"बघा! मेव्हना असता तर त्याला सांगितलं असतं. लय बर्फ घातलाय त्यानं." मागे रहिमतबी कुणावर तरी ओरडत होती. "येत जावा कवातरी. कामाबिगर."

येतो म्हणालो आणि फोन ठेवला. काम नसताना कुणाकडे जाऊन कसं बसायचं, हे मला कधी जमलेलं नाही. पण आष्ट्याची पहिली एसटी रविवारी आता साडेसातला सुटते, एवढं मी विचारून ठेवलं आहे.