वास घ्यायला शेजारीण

“मावशी, लायटर खाली ठेवा! आधी खाली ठेवा!”

शेगडीवाला दारातूनच ओरडला. ज्योत मंद जळते म्हणून मीच त्याला बोलावलं होतं, आणि ती दाखवायलाच लायटर हातात घेतला होता. माझ्या घरात माझ्यावर ओरडणारा अजून जन्माला यायचाय, असं सुनावणार होते. तोवर त्यानं रेग्युलेटर बंद करून खिडक्या सताड उघडल्या. मी पंख्याकडे वळले.

“बटणाला हात नका लावू! एक ठिणगी आणि दोघंही गेलो. घरभर गॅस सुटलाय, वास नाही आला?”

“आला की. सकाळीच आला.”

“मग लायटर?”

मी पदर नीट केला.

हवा खेळल्यावर त्यानं नळीला साबणाचा फेस लावला, रेग्युलेटर क्षणभर उघडला. भराभर बुडबुडे आले. नळी बदलून निघताना म्हणाला, “नळी नवी मिळते मावशी, नाक नाही मिळत. वास येणारं कुणीतरी हवं घरात. मुलाला सांगा.”

नाकाला वास येईनासा झाला हे एकट्या माणसाला कळणार तरी कसं? ‘काय छान वास सुटलाय’ म्हणत आत येणारं कुणी उरलेलं नाही.

आणि मुलाला सांगायचं! मागं दूध करपलं तेव्हाच त्यानं बजावलंय, “आई, पुन्हा असं झालं तर शेगडी बंद, आणि तू आमच्याकडे.” त्यांच्याकडे म्हणजे मागची खोली. सून वाईट नाही, ताट वेळेवर आणते. पण ताटाची वाट बघत बसणारी बाई मी नव्हे.

उरली समोरच्या दाराची शेजारीण. तिच्याशी बोलणं बंद. ‘तुझ्या स्वयंपाकघराची घाण जिनाभर येते,’ असं मी तिला चारचौघांत बोलले होते. येत होती, म्हणून बोलले. तेव्हापासून मी दिसले की ती दार लावते, आणि मी तिच्याआधी लावते.

संध्याकाळी तिचं दार वाजवलं.

“मला वास येत नाही,” मी म्हटलं.

“काय?”

“आता तू बहिरी झालीस का? नाकाला वास येत नाही माझ्या. रोज सकाळी शेगडी पेटवायच्या आधी येऊन गॅसचा वास बघून जायचं.”

“विनवतेयस की हुकूम सोडतेयस?”

“तुला काय समजायचं ते समज.”

तिनं दार लावून घेतलं.

सकाळी चहाचं आधण ठेवून शेगडीपुढे नुसती बसून राहिले. पेटवायची हिंमत होईना, मुलाला फोन लावायला हात उचलेना. चांगली उन्हं वर आली, तेव्हा दार वाजलं. ती आली. माझ्याकडे न बघता सिलिंडरपाशी वाकली, नाक नळीपाशी नेलं.

“गॅस नाही. पेटव.”

पेटवली. ती जाईना. ओट्याखालची टोपली ओढून तिनं आत बघितलं आणि हळूच म्हणाली, “बटाटे सडलेत गं. बरेच दिवस झाले असणार.”

जिन्यात उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणता आलं असतं तिला. मी म्हटलंच असतं.

टोपली कमरेवर घेऊन ती जिना उतरली. ती वर येईपर्यंत मी दार धरून उभी राहिले.