खिंडीतला वारा

शनिवारी सकाळी निघण्याआधी मी लायलला सांगून टाकलं, "आज वीस गोळ्या लागल्या नाहीत तर रायफल कर्टची. उद्या जेवायला येतोय, तेव्हाच घेऊन जाईल. त्याला शब्द दिलाय."

लायल बुटांच्या नाड्या बांधत होता. वर न बघताच म्हणाला, "पन्नासात वीस. मागच्या महिन्यात किती?"

"तेरा."

"आणि त्याच्या मागच्या?"

"नऊ. माहीत असून विचारतोस."

"चढतंय की. माझ्या वासरांनी असं वजन धरलं असतं तर मी आज शेणात उभा नसतो."

नवरा चेष्टा करतो म्हणजे त्याला काळजी वाटते, हे तीस वर्षांत कळलंय मला. पण त्याला खरं कारण सांगितलं नव्हतं. शेवटचा नंबर आल्याचं दुःख नव्हतंच. माझ्या गटातली माणसं रायफल टेकवायची आपली पिशवी, आपली चटई मला देत, माझ्या चुकलेल्या गोळ्या मोजत उन्हात उभी राहत, आणि मी त्यांना काय देत होते? काहीच नाही. सत्तावन्नाव्या वर्षी कुणाच्या गळ्यातलं लोढणं व्हायला कुणाला आवडतं?

हे सगळं सुरू झालं एका आवाजाने. सव्वीस वर्षं मी शाळेची बस चालवते. माझा रस्ता टेकड्यांमधल्या खिंडीतून जातो, आणि खिंडीच्या पल्याड नेमबाजीचं मैदान आहे. गेल्या वसंतात, पोरांना सोडून रिकामी बस घेऊन परतताना, वाऱ्यावर तो आवाज आला. टिंग. कुणी लांबच्या देवळात थेंबभर घंटा वाजवावी तसा. दुसऱ्या दिवशी मी खिडकी उघडी ठेवली. तिसऱ्या दिवशी बसच थांबवली. महिन्याभरात माझ्याकडे बावीसची रायफल आली, शेंगदाण्याएवढ्या गोळीची, खांद्याला धक्कासुद्धा न देणारी. गोळी हलकी, चालीची मंद. तिला तीनशे यार्डांवरच्या पोलादी तबकडीपर्यंत नेणं म्हणजे पिसाला पत्ता सांगून पाठवणं.

बस चालवता चालवता मी दोन ओळीही जुळवल्या होत्या. चाप ओढताना त्या मनात म्हणायच्या:

श्वास सोड अर्धा, अर्धा राहू दे छातीत
बोट असं ओढ, जसं बी पडे मातीत

पहिल्या फेरीत ओळींनी साथ दिली. चटईवर पालथं पडून दहात सात. दुसरी फेरी ट्रॅक्टरच्या टायरवरून, शेवटच्या तबकड्या दोनशे यार्डांवर. सहा. दोन फेऱ्यांत तेरा, म्हणजे मागचा पूर्ण दिवस मी सकाळी दहालाच गाठला होता. मी मोठ्या ऐटीत तिसऱ्या फेरीला गेले.

तिसरी फेरी सगळ्यात सोपी. तबकड्या बशीएवढ्या, पण अंतर फक्त साठ यार्ड. घड्याळ वाजलं, मी चाप ओढला. काही नाही. पुन्हा ओढला. काही नाही. श्वास अर्धा, पाव, सगळे करून पाहिले. दहा गोळ्या गेल्या आणि एकही तबकडी हलली नाही. 

घड्याळ थांबल्यावर ऑर्व्हिल जवळ आला. बाहत्तर वर्षांचा, जन्मभर गुरांचा डॉक्टर. नेम धरलेल्या माणसाला मध्येच सूचना द्यायची नाही, हा आमच्या क्लबचा नियम. म्हणून पूर्ण दोन मिनिटं त्याने मिशी चावत काढली होती.

"व्हर्ना," तो हळूच म्हणाला, "जरा रायफलच्या दुर्बिणीवरची चकती बघ."

मी बघितली. अंतर बदललं की ती फिरवून नेम वर-खाली करायचा; मी दोनशे यार्डांसाठी उचलला होता, तो तसाच वर. शून्यावर आणायची राहून गेली होती. माझ्या दहाही गोळ्या तबकड्यांच्या हातभर वरून, आरामात, फिरायला निघाल्यासारख्या मागच्या बांधात गेल्या होत्या.

"तुम्हाला कळलं होतं?" मी विचारलं.

"पहिल्याच गोळीला," टेस म्हणाली. टेस आमच्या गटातली तिसरी, इस्पितळात नर्स. "बांधावर वर धूळ उडाली ना. सगळ्यांना कळलं होतं, तुला सोडून."

माझे डोळे भरून आले होते. वाटलं, रायफल आत्ताच गाडीत टाकावी आणि सरळ कर्टच्या दारात नेऊन ठेवावी. पण ऑर्व्हिलने माझं कोपर धरलं आणि मला कुंपणाच्या कोपऱ्यावरच्या जुन्या देवदारी खांबाशी नेलं. खांबावर खिळ्याने नावं कोरलेली. चाळीस-पन्नास तरी असतील.

"हे कोण?" मी विचारलं.

"चकती विसरलेले."

मी वाचत गेले. टेसचं नाव दोनदा. या स्पर्धा भरवणाऱ्या डेलबर्टचं चारदा, आणि तो तर राज्यात पहिला आलेला माणूस. ऑर्व्हिलचं तीनदा.

"चौथ्यासाठी जागा धरून ठेवलीय," ऑर्व्हिल म्हणाला. त्याने खिशातून खिळा काढून माझ्या हातात दिला. "नीट कोर. पाऊस-बर्फ खायचंय त्याला."

"खांबावर नाव नसलेला माणूस एक तर खोटारडा," टेस म्हणाली, "नाही तर तो सकाळीच आलाय."

मी कोरलं. कोरता कोरता हसू येत होतं.

जेवायला राजम्याचा तिखट रस्सा होता आणि त्यासोबत दालचिनीचा गोड रोल. रोल रश्शात बुडवायचा की नाही यावर ऑर्व्हिल आणि टेसचं भांडण झालं, दर महिन्याला होतं तसंच. मी बुडवला. टेसने माझ्याशी बोलणं सोडलं, ते पाणी मागेपर्यंत.

चौथ्या फेरीत गोठ्याच्या फाटकावर रायफल टेकवून पाच लागल्या. अठरा झाल्या. शेवटच्या फेरीत फक्त दोन हव्या होत्या.

ती फेरी तीनशे यार्डांची, पालथ्या घातलेल्या पत्र्याच्या हौदावरून. प्रत्येक फेरीला क्रम पुढे सरकतो, आणि इथे पहिला नंबर नेमका माझा आला. पहिल्याचं दुर्दैव असं की कुणाच्या चुकीवरून शिकायला मिळत नाही. तबकडीमागे कंबरभर तांबूस गवत. गोळी चुकली तर गवत गिळून टाकतं, धूळ दिसत नाही.

घड्याळ वाजलं. माझ्या शेजारची वाऱ्याची झेंडी डावीकडून हलकेच फडफडत होती. मी नेम तेवढाच डावीकडे धरला. चार गोळ्या गेल्या, गवताने चारही गिळल्या.

मग मी डोळा दुर्बिणीवरून काढला. घड्याळ चालू असताना असं कुणी करत नाही. नुसत्या डोळ्यांनी समोर पाहिलं, आणि मला माझा रस्ता दिसला. मधली ती घळ म्हणजे माझ्याच खिंडीचं शेपूट. सव्वीस वर्षं, रोज दोनदा, तिथं पोचलं की बस उजवीकडे ढकलली जाते आणि माझे हात आपोआप चाक डावीकडे धरतात. अलीकडे झाडाचं पान हलत नसलं तरीही. झेंडीला खिंडीतलं काय कळणार?

मी दुप्पट डावीकडे धरलं. श्वास सोड अर्धा.

गोळीला पोचायला एक सेकंद लागतो, आवाजाला परतायला जवळजवळ तेवढाच. त्या दोन सेकंदांत माणूस जगात कुठेच नसतो.

टिंग.

"लागली," मागून ऑर्व्हिल म्हणाला, अगदी सरकारी आवाजात.

पुढच्या दोन वाया गेल्या. एक घाईत, एक वारा अचानक पडला म्हणून. मग वेळ संपली. मी रायफल रिकामी केली, रिकामी असल्याची खूण म्हणून तिच्यात नारिंगी पट्टी खोचली आणि उठता उठता टेसला म्हणाले, "झेंडीकडे बघू नकोस. खिंडीत दुप्पट आहे. आणि गवत हलायचं थांबलं की तूही थांब, ते पुन्हा डोलेपर्यंत मारू नकोस."

टेसने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ती हौदाशी बसली. टिंग. टिंग. थांबली. टिंग. दहात आठ. ऑर्व्हिलने सात घेतल्या, आणि तोवर बाजूच्या गटातले दोघे येऊन मला विचारू लागले, "बाई, खिंडीत दुप्पट म्हणजे नक्की किती?" मी सांगत होते, हातांनी अदृश्य चाक फिरवून दाखवत होते, आणि माझ्याभोवती माणसं उभी होती. पलीकडे तबकडी वाजत होती, पुन्हा पुन्हा, आणि त्या प्रत्येक आवाजात चिमूटभर माझं होतं.

निघताना डेलबर्टच्या टेबलावर पुढच्या महिन्याच्या नावनोंदणीचा कागद होता. मी नाव लिहिलं. मग तो गुण वाचायला लागला. व्हर्ना, एकोणीस.

संध्याकाळी लायल बटाटे सोलत होता तेव्हा मी कर्टला फोन लावला. कर्ट माझ्या बहिणीचा मुलगा, पस्तिशीचा. कुरणात बिळं करणाऱ्या खारी मारायला त्याला ती रायफल हवी होती.

"किती, मावशी?"

"एकोणीस."

"अरेरे," तो म्हणाला, पण आवाजातला आनंद लपेना. "मग उद्या रायफलची पेटी घेऊनच येतो."

"पेटी कशाला? भूक घेऊन ये."

"मावशी, तू शब्द दिला होतास."

"दिला होता. तो परत घेते."

"असा परत घेता येतो?"

"एकोणीस लागल्या की येतो."

 इकडे लायल सोललेला बटाटा हातात धरून खांदे हलवत हसत होता, आवाज न करता.

"मग मी खारींचं काय करू?" कर्टने विचारलं.

"पुढच्या महिन्यात दुसऱ्या शनिवारी मैदानावर ये," मी म्हणाले. "तुला आधी वारा शिकवते."