तीन वाजेपर्यंतचं आकाश

शनिवारी दुपारी अभिनवने मोबाइल वडिलांसमोर धरला. रविवारच्या चौकोनात काळा ढग, विजेची रेघ आणि खाली ऐंशी टक्के.

"बाबा, सिंहगड रद्द. उद्या पाऊस आहे."

बद्रीनाथांनी मोबाइल डोळ्याजवळ नेऊन तो ढग बघितला. यवतमाळजवळच्या शाळेत त्यांनी एकतीस वर्षं इतिहास शिकवला होता, पण राजगड कधी पाहिला नव्हता. गुडघ्यांमुळे तो चढणं शक्य नव्हतं. सिंहगडावर मात्र गाडी जाते, आणि तिथून राजगड दिसतो. रविवारी रात्री त्यांची पुण्याहून परतीची गाडी होती. काचबिंदूने एक डोळा जवळजवळ गेला होता. दुसऱ्याचं पुढच्या वर्षी काय होईल, हे डॉक्टरही सांगत नव्हते.

शेजारच्या हेमाताई डबा परत द्यायला दारात उभ्या होत्या. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. अकरा वर्षं त्या आदल्या दिवशीचा अंदाज आणि प्रत्यक्ष हवा रोज वहीत लिहून ठेवत होत्या. धायरीतल्या त्या इमारतीत गाद्या उन्हात टाकण्याआधी लोक त्यांना विचारत.

"रद्द कोणी केलं?"

"ॲपने, मावशी."

"त्याने चित्र दाखवलं. रद्द तू केलंस. चित्रावर बोट ठेवून बघितलंस का?"

अभिनवने बोट ठेवलं. एकेका तासाचा अंदाज उघडला. सकाळभर पाच टक्के, दहा टक्के. ऐंशी होते ते दुपारी चारला.

"अख्ख्या दिवसाला एकच चित्र, म्हणून सगळ्यात वाईट तासाचं दिलंय. आणि वर गाव बघ. पुणे. गड शहरात आणून ठेवलास का?"

त्याने सिंहगड लिहिलं. सकाळी सातपर्यंत धुकं, मग उघडीप, पाऊस तीननंतर.

"हे खरं ठरेल कशावरून?"

"उद्या सकाळचं म्हणशील, तर माझ्या वहीत दहात नऊ वेळा ठरलंय. दहा दिवसांनंतरचं विचारशील, तर छापा-काटा कर." मग त्यांचा आवाज मऊ झाला. "समुद्रावरचा वारा, आकाशात सोडलेले फुगे, उपग्रह, एवढं सगळं जुळवून कोणीतरी आपल्याला उद्याचा एकेक तास सांगतं. मला अजून त्याचं नवल वाटतं. आपण निदान पूर्ण वाचावं."

"तुम्हीबी चला मंग," बद्रीनाथ म्हणाले.

सकाळी सातला तिघं गडाच्या पश्चिम कड्याशी पोचले. समोर नुसता पांढरा पडदा. साडेसात झाले, आठ झाले.

"मावशी, ढगांनी अंदाज वाचलेला दिसत नाही."

"वाचलाय. सावकाश वाचतात." पण त्याही घड्याळ बघत होत्या.

आठ वीसला वारा फिरला. पडदा खालून फाटत गेला, आधी दरीतली शेतं दिसली, मग एक लांब काळी कड, आणि तिच्यावर राजगडाचा बालेकिल्ला.

"तासभर चुकला," हेमाताई पुटपुटल्या. "तरी इतक्या लांबच्या ढगाचं... कमाल आहे."

बद्रीनाथांनी मान थोडी तिरकी केली, चांगला डोळा पुढे आणला. "ती संजीवनी माची. तिकडं सुवेळा. पद्मावती मधात," ते हळूच म्हणत राहिले. अभिनवने फोटोसाठी त्यांच्यासमोर येऊन मोबाइल उंचावला.

"बाबा, इकडे बघा."

"बाजूला हो गा," बद्रीनाथ म्हणाले. "राजगड झाकून राह्यला तू."