पहिल्या बाकावरची बाई

चितेगावच्या पत्र्याच्या शेडमध्ये रत्नमाला चौदा वर्षं कारखान्यांसाठी सुती हातमोजे शिवत आली होती. यंदा एका कंपनीनं वर्षभराचं काम देऊ केलं. अट एकच : कापडाची कड शिवणाऱ्या दोन ओव्हरलॉक मशिनी हव्यात, आणि त्यांच्या कर्जाचं मंजुरीपत्र पुढच्या शुक्रवारपर्यंत दाखवायचं. मागासवर्गीय महिलांच्या योजनेतून तिनं चार महिन्यांपूर्वीच अर्ज केला होता. फाइल तिसऱ्यांदा परत आली. बाकी सगळं झालं होतं. शेरा तेवढा उरला : 'प्रशिक्षण प्रमाणपत्र जोडलेले नाही.'

ती तडक शहरातल्या प्रशिक्षण केंद्रात गेली. तिथले सुदर्शन साहेब ओळखीचे. दोन वर्षं ते तिलाच बोलावून पोरींना शिवण शिकवून घेत होते.

"साहेब, माझ्या हाताखाली शिकलेल्या रूपालीला कर्ज भेटलं, अन् मला नाय?"

"तिच्याकडे प्रमाणपत्र आहे, ताई. सोमवारच्या बॅचला तुम्हीही नाव घाला."

"त्या बॅचला शिकवणार कोण?"

"तुम्हीच की!" साहेब मनापासून हसले.

रत्नमालाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिकवण्याचं मानधनसुद्धा 'प्रमाणपत्र नाही' म्हणूनच अडलं होतं. तरी तिनं नाव घातलं.

सोमवारी वर्ग भरला, तेव्हा ती पहिल्या बाकावर वही घेऊन बसली होती.

"ताई, सुरू करा."

"मी विद्यार्थी हाय, साहेब. तुम्ही शिकवा."

साहेबांनी मशिनीत दोरे ओवायला घेतले. चार दोरे, तिसऱ्यालाच गुंता झाला. पोरी ओढणीआड खुदखुदल्या.

"ताई, या पोरींचं नुकसान होतंय."

हे मात्र तिला लागलं. ती अर्धी उठलीही. तेवढ्यात मागून गंगापूरची मंजुषा म्हणाली, "आमचं आम्ही बघू, साहेब. बाई, तुम्ही उठू नका."

साहेबांनी घाम पुसला. कपाटातून केंद्राचा कागद काढून अनुभवाचा दाखला लिहिला, शिक्का मारला. "घ्या. प्रमाणपत्राऐवजी हा चालतो."

"म्हंजी पहिल्यापासून चालत व्हता?"

"नियमातच आहे. तुम्ही विचारलं नाहीत."

चार महिने! रत्नमालानं दाखला जपून पिशवीत ठेवला, फळ्यापाशी गेली आणि खडू उचलला.

"पोरींनो, दोरा नंतर ओवू. आधी हा नियम उतरून घ्या. इथं विचारल्याबिगर कुणी सांगत नाय."