चुकलेल्यांची खानावळ

"चुकलात," मावशी म्हणाली. "असू दे. सगळेच चुकतात. बॅग ठेवा, बसा, आधी गरम काहीतरी पोटात जाऊ दे. रडायचं असेल तर त्यानंतर रडा."

संध्याकाळच्या बसमधून उतरलेल्या माणसाने बॅग खाली ठेवली नाही. रडायचाही त्याचा बेत दिसला नाही.

"मी चुकलेलो नाही. मला याच गावाला यायचं होतं."

मावशीने दारातल्या दिव्याखाली त्याला नखशिखांत न्याहाळलं. बसचा ड्रायव्हर खिडकीतून डोकं बाहेर काढून बघत होता. या गावाला मुद्दाम आलेला माणूस त्यानेही आजवर पाहिला नव्हता.

"तब्येत बरी आहे ना तुमची?" मावशीने काळजीने विचारलं.

त्यात तिचा काही दोष नव्हता. गावात बघण्यासारखं म्हणजे कोबी. पुढे कोबी, मागे कोबी, आणि थंडीत बरण्यांमध्ये आंबवलेला कोबी. पण नाव? नाव असं की ऐकून जगातल्या शौकिनांच्या तोंडाला पाणी सुटावं. त्या नावाची वाइन होती आणि ती डोंगरापलीकडच्या त्याच नावाच्या शहरात होत होती. त्याच नावाचं एक बंदर होतं, राजधानीत एक गल्ली होती, लिपस्टिकची एक छटा होती आणि शर्यतीचा एक घोडाही होता. तो कधी जिंकला नाही. एवढ्या मोठ्या गोतावळ्यात हे गाव म्हणजे लग्नातला लांबचा नातेवाईक. हक्काने जेवायला बसलेला, पण ओळख कुणी दाखवत नाही.

तरी दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी चुकायचंच. हनिमूनची जोडपी यायची, नाकाने वास घेऊन वर्ष सांगणारे जाणकार यायचे, एकदा तर अख्खं शिष्टमंडळ आलं. "द्राक्षांचे मळे कुठे आहेत?" असं विचारलं की मावशी कोबीच्या वाफ्यांकडे बोट दाखवी. परतीची बस सकाळीच असल्यामुळे रुसवेफुगवे खानावळीत होत आणि वरच्या तीन खोल्यांत झोपून जात. सकाळपर्यंत बहुतेकांना चूक आवडू लागलेली असे. काही जण जाताना मावशीला मिठी मारत. ड्रायव्हर मात्र मुक्कामाला असूनही कधी आत आला नाही. बायकोने दिलेला डबा तो बसमध्येच खाई आणि मागच्या सीटवर झोपे. मावशी बोलवायची, तर म्हणायचा, "मी थोडाच चुकून आलोय?"

खरं सांगायचं तर मावशीचा संसारही चुकूनच झाला होता. ती वडिलांच्या हाताखाली इथेच वाढपी होती, तेव्हा वाइनचा एक तरुण विक्रेता नमुन्यांची पेटी घेऊन या बसथांब्यावर उतरला. "मालकांना भेटायचंय," म्हणाला. ती म्हणाली, "कशाच्या? कोबीच्या?" सकाळची बस त्याने सोडली. दुसऱ्या दिवशीचीही सोडली. गावाने त्याला 'पाहुणा' म्हणायला सुरुवात केली आणि पुढे जन्मभर, केस पिकले, गुडघे गेले, तरी तो पाहुणाच राहिला. दर वर्षी त्या तारखेला तो त्या वाइनची एक बाटली मागवी आणि पहिल्या घोटाला तोंड वाकडं करी. "आंबट आहे गं. पण लेबलवर आपल्या गावाचं नाव आहे, टाकून कशी द्यायची?"

मुद्दाम आलेला माणूस वकील निघाला. वाइनवाल्यांच्या संघाने त्याला पाठवलं होतं. गावातल्या कोबीच्या बरण्या अलीकडे शहरातल्या दुकानांत दिसू लागल्या होत्या आणि बरणीवर तेच नाव होतं. संघाला ते खपत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सगळं गाव खानावळीत जमलं, कारण एवढी मोठी खोली दुसरी नव्हती.

"तुम्ही नाव बदलायचं," वकील म्हणाला. "बदल्यात संघ तुम्हाला दवाखाना बांधून देईल. नर्स राहील. आणि रुग्णवाहिका."

"आमचं नाव त्यांच्याआधीचं आहे!" गावाचे अध्यक्ष गरजले. नावात त्यांना इतकी गोडी आहे हे त्यांनाही आजच कळलं असावं. "बदलायचंच तर माझ्या वडिलांचं द्या."

"तुझ्या वडिलांना गाव काय म्हणायचं ते सांगू का वकिलांना?" मागून न्हावी म्हणाला. लोक हसले. न्हाव्याची सून त्याच्याशेजारी बसली होती. तिचे दिवस भरत आले होते, आणि खुर्चीत कसं बसावं हा तिच्यापुढचा खरा प्रश्न होता.

मग हळूहळू हसणं थांबलं, आणि एकेक नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे वळली. नाव बदललं तर कुणी चुकणार नाही, आणि कुणी चुकलं नाही तर खानावळीत कुणी येणार नाही, हे सांगायला वकील लागत नव्हता. पण गाव त्यासाठी गप्प झालं नव्हतं.

तीन हिवाळ्यांपूर्वी पाहुण्याच्या छातीत कळ आली होती. जेवता जेवता. मावशीने फोन केला, गावाचं नाव नीट, दोनदा सांगितलं. पलीकडची बाई म्हणाली, "लगेच निघते गाडी." आणि गाडी निघालीही. सायरन वाजवत, लाल दिवा फिरवत, वेळेवर पोचली. फक्त तिकडे, डोंगरापलीकडे. त्या शहरात खानावळी पुष्कळ. त्यांनी एकेक दार वाजवलं म्हणे. मनापासून शोधलं. इकडे पाहुणा मावशीचा हात धरून दाराकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "चुकले असतील गं. येतील. मी नाही का आलो?"

यावर मावशी कधी कुणाशी बोलली नाही. नावाला तिने एकदाही शिवी दिली नाही. ज्या नावाने नवरा दिला आणि ज्याने नेला त्याच्याशी कसं वागावं हे तिला समजलेलं नसावं. पाहुण्याने मागवलेली शेवटची बाटली तिने कपाटात तशीच बंद ठेवली होती.

पीठ मळायचं तसंच टाकून ती बाहेर आली.

"मावशी," न्हावी खाली बघत म्हणाला, "तू म्हणशील तसं."

"मला कशाला मध्ये घेता?" तिने वकिलाकडे वळून विचारलं, "ती गाडी कुठे उभी राहणार?"

"इथे. गावातच."

"म्हणजे बोलवावी नाही लागणार? लांबून?"

"नाही."

मावशीने न्हाव्याच्या सुनेकडे पाहिलं. पोरगी पोटावर हात ठेवून बसली होती, मावशीची नजर टाळत. मावशीने हात वर केला. पिठाने माखलेला, कोपरापर्यंत. त्यानंतर खोलीभर हात वर झाले. ते मोजायला ती थांबली नाही. "दूध ठेवलंय गॅसवर," म्हणत आत गेली. दूध बराच वेळ ठेवलेलं असावं. ती लवकर बाहेर आली नाही.

नवं नाव ठरलं 'वरची गिरणी'. गिरणी बंद पडून जमाना लोटला होता, पण त्या नावाचं काही बाटलीत भरून विकलं जात नव्हतं, म्हणून संघाची हरकत नव्हती. गाडी आणि नर्स आधी आल्या, दवाखाना मागून उभा राहिला. न्हाव्याला नात झाली, मध्यरात्री, आणि गाडीला जेमतेम गल्ली ओलांडावी लागली. रंगारी थांब्यावरची पाटी रंगवून गेला. रंगाखालचं जुनं नाव ऊन तिरकं पडलं की अजून थोडं दिसायचं.

उन्हाळा आला. मावशीने वरच्या तिन्ही खोल्यांच्या चादरी बदलल्या, सूप चढवलं आणि बसच्या वेळेला दारातला दिवा लावला. बस आली. बाजार करून आलेल्या दोन बायका उतरल्या, "काय मावशी," म्हणून घराकडे गेल्या. मावशी उघड्या दाराकडे बघत राहिली.

ड्रायव्हर खाली उतरला. टोपी हातात घेऊन उगाच चाकाला एक लाथ मारली.

"आज कोणी चुकलं नाही, मावशी."

"हो. दिसतंय." मग ती म्हणाली, "चांगलंच आहे की. माणसाने जिथे जायचं तिथे पोचावं."

"हो, ते बरोबरच."

ती आत गेली. ड्रायव्हरने बसमध्ये चढून डबा उघडला. पुन्हा बंद केला. थोडा वेळ स्टिअरिंग धरून बसला. मग उतरला, पायपुसण्यावर बूट घासघास घासले आणि दारात उभा राहिला, टोपी छातीशी धरून, अगदी परक्या मुलखात आल्यासारखा.

"माफ करा हं, बाई," तो म्हणाला. "ते वाइनचं गाव हेच का?"

मावशी सूप ढवळत होती. डाव तसाच हातात राहिला. तिने वळून त्याच्याकडे पाहिलं.

"नाही हो," ती म्हणाली. "चुकलात तुम्ही. असू दे. बसा."

आणि कपाटातून तिने ती बाटली काढली, लेबलवरची धूळ पदराने पुसली आणि दोन पेले शोधायला लागली.