बाबा बोलत राहिले तोवर

दिवाळीनंतर इस्तारीचे शब्द चुकू लागले. जाळं मागायचं असलं की तो ताट मागायचा, आणि चूक कळली की हिरमुसून गप्प बसायचा. मूल गावाजवळच्या तलावावर जन्मभर मासे धरलेला माणूस. एरवीही त्याला बोलणं कमीच. चंद्रपूरच्या दवाखान्यात तपासणी झाली, तेव्हा मेंदूत गाठ निघाली. बोलण्याच्या जागेला अगदी लागून.

डॉक्टर नूतन यांनी त्याची बायको कुंता आणि मुलगी भाग्यश्री यांना समोर बसवलं.

"गाठ काढताना त्यांना जागं ठेवावं लागेल. ते बोलत राहिले, तरच मला कळेल कुठे हात लावायचा नाही."

"जागं ठेवून डोस्कं उघडान?" कुंताने तोंडाला पदर लावला.

"कातडी बधिर करू, बाई. मेंदूला स्वतःला दुखत नाही."

"पन बाबा परक्या मानसाजवळ बोलतच नाई, मॅडम," भाग्यश्री म्हणाली.

डॉक्टर तिच्याकडे वळल्या. "मग तू ये आत."

ऑपरेशनच्या दिवशी ढगळ हिरवा झगा घालून भाग्यश्री आत गेली. मधे पडदा होता; पडद्याच्या अलीकडे बाबांचा चेहरा तेवढा दिसत होता. तिने त्यांचा हात हातात घेतला.

"बाबा... मरळ मासोळी कशी धरतेत?"

"चिखलात हात घालाचा. हळूच." मग काय झालं कोण जाणे, बाबा बोलतच सुटले. "तू झाली, त्या दिवशी मले मोठी वाम घावली होती. तुही आजी साप समजून दूर पराली. अन् तुही माय... तुही..."

शब्द अडकला. बाबांचे डोळे भेदरले.

"थांबा," पडद्यामागून डॉक्टर सहकाऱ्यांना म्हणाल्या.

"बाबा, माह्याकडे पाहा. मी इथीच हावो."

बाबांचे ओठ नुसतेच हलत राहिले. तिने हात घट्ट धरला. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "...माय हासून राह्यली होती."

"बस," डॉक्टर म्हणाल्या. "आता पुढे जायचं नाही."

बाहेर येऊन त्यांनी कुंताला सगळं खरं सांगितलं. गाठीचा थोडा भाग तसाच ठेवला होता.

"अर्धी काऊन ठेवली?" कुंताचा आवाज चढला.

डॉक्टर तिच्या शेजारी बाकावर बसल्या. "तेवढी काढली असती, तर त्यांनी तुम्हाला परत हाक मारली नसती. औषधांनी दाबून ठेवू. पण ती पुन्हा वाढू शकते, हे मी लपवणार नाही."

कुंता बाकावर जवळ सरकली. मग तिने डॉक्टरांच्या पाठीवर हात ठेवला. "जेवली का तू, बाई?"

डॉक्टरांनी मान हलवली. नाही. कुंताने डबा उघडला. भात आणि सुक्या झिंग्यांची चटणी होती. डॉक्टर तिथेच जेवल्या.

दुसऱ्या दिवशी इस्तारीने डोळे उघडले. "भाग्याची माय, पानी दे."

कुंता उठली. तेवढ्यात त्याने पुन्हा हात उचलला. त्याला आणखी काहीतरी हवं होतं, पण नाव आठवेना. भाग्यश्री अंदाजाने चमचा पुढे करणार होती; कुंताने तिला डोळ्यानेच थांबवलं आणि ती स्वतः पलंगाच्या काठावर टेकली.

"सांग," ती म्हणाली. "आपल्याले कायची घाई हाये?"