मशीनबाईंची गाडी

"अगं, जोर लाव. पाना आहे तो, पाळणा नाही. असा हळूच काय हलवतेस?" चाकाच्या रिकाम्या पोकळीत डोकं घालून पडलेल्या सासूबाई म्हणाल्या.

मी पान्याला दोन्ही हातांनी लोंबकळले. बोल्ट ढिम्म हलला नाही.

"आई, हा नाही निघायचा. गंजून एकजीव झालाय."

"एकजीव झालेलीही वेगळी होतात. त्याला तेल पाज आणि जरा थांब."

आमच्या गल्लीत सासूबाईंना सगळे मशीनबाई म्हणतात. सासरे लवकर गेले. त्यानंतर घरोघरी जाऊन शिलाई मशीन दुरुस्त करून त्यांनी मुलाला वाढवलं, आणि ते सगळं फिरणं याच गाडीतून केलं. दोन वर्षांपूर्वी 'कंटाळा आला' म्हणून काम थांबवलं, गाडी मात्र सोडली नाही. अलीकडे खड्डा आला की गाडीच्या पुढून 'खडाक' व्हायचं. त्या आवाजावरून मशीनबाई परत आल्याचं शेजारीण ओळखायची.

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने वाकून पाहिलं होतं. "मावशी, चाकाला धरून ठेवणारा हा खालचा दांडा, लोअर आर्म. त्याचे रबरी बुश संपलेत, टोकाचा सांधाही सैल झालाय. असंच चालवलंत तर एक दिवस चाक एका गावाला जाईल आणि तुम्ही दुसऱ्या." त्याच्याकडे महिनाभर जागा नव्हती. माझा नवरा म्हणाला, "आई, पुरे आता. रविवारी संध्याकाळी एकजण बघायला येतोय. देऊन टाकू."

"म्हातारं झालं की देऊन टाकायचं, हा नियम आधी सांगायचास," सासूबाई म्हणाल्या. "मी बॅग भरून ठेवली असती."

आणि सासूबाई बाजारातून दोन्ही बाजूंचे नवेकोरे दांडे घेऊन आल्या. रविवारी नवरा कामावर गेला आणि त्यांनी मला हाक मारली. "साडी-बिडी नको. जुना ड्रेस घालून ये."

डावी बाजू दुपारच्या आत झाली होती. आपल्या हातांनी गाडीचं हाड बदललं, या कल्पनेनंच मला जेवण सुचेना. आता अडला होता तो उजवीकडचा हा एक बोल्ट. शेवटी सासूबाईंनी मोरीतला लोखंडी पाईप आणून पान्याच्या दांडीवर चढवला. आम्ही दोघींनी तो धरला.

"एक, दोन…"

तीन म्हणायच्या आतच 'कडाक्' झालं. मला वाटलं, मोडलं काहीतरी. मी मागे आपटले आणि सासूबाई माझ्या मांडीवर.

"मेला सुटला गं," त्या म्हणाल्या. मग हसू लागल्या. "सासूला लोळवणारी या घराण्यातली पहिली सून तू."

हसताहसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. जुना दांडा खाली आला, नवा जागेवर गेला. बोल्ट मात्र सासूबाईंना भोकात बसवता येईना. तो कडेला लागून पुन्हापुन्हा निसटत होता. "दिवा धर," त्या म्हणाल्या. डोक्यावर लख्ख ऊन होतं. मी दिवा धरला. पुन्हा चुकलं. मग त्यांनी डोळे मिटले, बोटाने भोक चाचपलं आणि बोल्ट सरळ आत सरकवला.

"बोटांना विचारलं की ती खरं सांगतात," त्या म्हणाल्या आणि नट शोधायला उजवीकडे हात फिरवू लागल्या. नट त्यांच्या कोपराला जवळजवळ टेकलेला होता. मी तो हातात दिला.

"कधीपासून, आई?"

"काय कधीपासून?"

"उजवा डोळा."

त्यांनी आधी नट लावला. "झाले काही महिने. गेलेली नजर परत येणार नाही म्हणतात डॉक्टर. त्याला सांगू नकोस, मी सांगेन."

"मग हा सगळा खटाटोप कशाला?"

"खोट माझ्या डोळ्यात आहे. ती गाडीच्या नावावर का खपवायची?" त्या थांबल्या. "आणि तू दोन बस बदलून कामाला जातेस, ते मला एका डोळ्यानेही दिसतं."

लायसन्स काढून मी कपाटात ठेवून दिलं होतं. गाडीला हात लावायचा धीर कधी झाला नव्हता.

मेकॅनिकने फोनवर बजावलं होतं की बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उतरवून, नाहीतर नव्या रबराला पीळ बसतो. तेही केलं. मग सासूबाईंनी किल्ली माझ्या हातावर ठेवली.

गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक आहे. पुढची चाकं चढली, उतरली. मी श्वास रोखून ऐकत होते. काहीच ऐकू आलं नाही.

"झालं?" मी विचारलं.

"झालं. परत घे."

परत घेतला. मग त्यांनी मला गोदामांमागच्या रस्त्याला नेलं, जिथे रस्त्यापेक्षा खड्डेच जास्त. प्रत्येक खड्ड्याला गाडी नुसती 'हूं' म्हणायची आणि पुढे जायची. सासूबाई डॅशबोर्डवर थाप मारत होत्या. मी तिसरा गिअर टाकला आणि त्या ओरडल्या नाहीत. घरी आलो तेव्हा शेजारीण दारात म्हणाली, "अगोबाई, कधी आलात? आवाजच नाही."

फाटकाशी नवरा आणि गाडी बघायला आलेला माणूस उभे होते. त्या माणसाने वाकून पुढच्या चाकांमागे पाहिलं. "काम छान झालंय. मी घेतो."

"विकायची नाही," सासूबाई म्हणाल्या.

"आई, आणि चालवणार कोण?"

"ही."

"आणि तू?"

"मी शेजारी बसणार. मला उजवीकडचं दिसत नाही आता."

ग्रीसने काळी झालेली त्यांची बोटं नवऱ्याने एकदा हातात घेतली आणि सोडली. तो माणूस समजूतदार निघाला, नमस्कार करून गेला.

सासूबाईंनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. "गुडघे पोटाशी घेऊन चालवत होतीस. बोलायचं नाही का?" त्या वाकल्या, सीटखालचा खटका ओढला आणि खांद्याने रेटा दिला. इतकी वर्षं त्यांच्याच उंचीला बसलेली सीट कुरकुरली, अडली, मग एकदम मागे गेली. तिथे खाली मॅटचा एक पट्टा होता, ऊन न लागलेला, अजून निळा. सासूबाईंनी त्याच्यावरची धूळ पदराने पुसली आणि हात धुवायला आत गेल्या.